ज्यानं मागितलीच नाही, त्याला माफी द्यायची कशी?

अबोली

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहिते.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि मी तिच्याजवळ होते. त्याचं मला कौतुक नको आहे. ती माझी आई होती, मी राहिले. ती गेल्यावर काही दिवसांनी सगळे नातेवाईक घरी जमले होते. दादानं भरल्या खोलीत मला विचारलं, "आईच्या खात्यातले पैसे कुठे गेले?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, "तीन वर्षं पासबुक तुझ्याकडे होतं. तुला नाही तर कुणाला माहीत असणार?" आणि मग आवाज न चढवता, अगदी शांतपणे, "सेवा केलीस, तिची किंमत वसूल केलीस. ठीक आहे."

खोलीत चौदा-पंधरा माणसं होती. कुणी काही बोललं नाही.

दीड वर्षानं आईच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एका पिशवीत कागद सापडले. ती अंथरुणाला खिळायच्या आधीच तिनं ते सगळे पैसे दादाच्या मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकले होते. सही तिचीच. मी कागदांचे फोटो दादाला पाठवले. त्याचं उत्तर आलं, "बरं झालं सापडले."

बस, एवढंच. त्यानंतर वाढदिवसाला फोन, तब्येतीची चौकशी, सगळं जणू काही घडलंच नाही असं सुरू आहे.

दोन महिन्यांपूर्वी दादाची बायपास झाली. मी गेले, चार रात्री दवाखान्यात बसले. निघताना वहिनी माझा हात धरून म्हणाली, "आता तरी मनातून काढून टाका. माफ करून टाका त्यांना." घरी आल्यावर मी खरंच प्रयत्न केला. दार लावून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "दादा, मी तुला माफ केलं." माझ्याच कानाला ते खोटं वाटलं.

मला त्याचं वाईट व्हावं असं वाटत नाही. ऑपरेशन चालू होतं तेव्हा तो वाचावा म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. मग अडतंय कुठे? विचार करकरून एवढंच हाती लागलं की मी माफ केलं तर त्या खोलीतलं शेवटचं वाक्य त्याचंच राहतं. ते खोडलं गेलेलं नाही. आणि आता मीच त्याच्यावर पांघरूण घालायचं.

ज्यांनी कुणाला खरोखर माफ केलंय, त्यांनी नेमकं काय केलं ते सांगाल का?

वाटसरू

वाचून सुन्न झालो. "बरं झालं सापडले" हे वाक्य मूळ आरोपापेक्षाही जास्त लागलं. आरोप रागात, दुःखात होऊ शकतो. कागद समोर आल्यावरचं हे उत्तर मात्र थंड डोक्यानं लिहिलेलं आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या बाबतीत वेळ गेला आणि धार बोथट झाली, पण त्याला माफी म्हणता येणार नाही.

मृद्गंध

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"माफ करणं" या एका शब्दात आपण तीन-चार वेगळी कामं कोंबतो. सूड न घेण्याचं ठरवणं, राग ओसरणं, पुन्हा विश्वास टाकणं आणि झालेलं विसरणं. तुम्ही पहिलं कधीच केलंय. दवाखान्यातल्या चार रात्री म्हणजे तेच. वहिनी बहुधा तिसरं आणि चौथं मागतायत. ते तुम्ही देणं लागत नाही.

एव्हरेट वर्थिंग्टन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा असा फरक करतात. मी त्याच माणसाकडे पुन्हापुन्हा जाते, कारण क्षमेवर संशोधन करत असतानाच, १९९६ च्या नववर्षाच्या रात्री, घरात शिरलेल्या चोरानं त्यांच्या वृद्ध आईचा खून केला. त्यांनी स्वतः सांगितलंय की बातमी कळल्यावर मारेकऱ्याला बॅटनं ठेचून काढावं असंच त्यांना वाटत होतं. पुढे त्यांनी माफ केलं. त्यांच्या पद्धतीची पहिली पायरीच मुळी जखम नीट, न टाळता आठवण्याची आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइट १९८५ पासून या विषयावर काम करतायत, त्यांच्याकडेही सुरुवात स्वतःचा राग उघडून बघण्यापासूनच होते. म्हणजे "मनातून काढून टाका" हा सल्ला ज्यांनी आयुष्यभर क्षमेचाच अभ्यास केला, त्यांच्या वाटेच्या बरोब्बर उलट आहे.

पण दुसरी बाजूही सांगते, कारण ती मी रोज बघते. दुखावलेलं माणूस तो प्रसंग उगाळतं, आणि उगाळताना शरीर तो प्रसंग पुन्हा भोगतं. शार्लट विटव्हलिएट यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना त्यांना दुखावणारी व्यक्ती आठवायला सांगितली, कधी आकस धरून, कधी क्षमेच्या नजरेनं. आकसाच्या वेळी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब जास्त, कपाळाचे स्नायू ताणलेले. तुम्ही ती खोली नऊ वर्षांत किती वेळा पुन्हा पाहिली असेल! त्याची झीज तुमच्या अंगावर होते, दादाच्या नाही. एवढ्याचपुरती मला तुमची काळजी आहे. तुमचा राग बरोबर की चूक हा प्रश्नच नाही.

पारवा

मृद्गंध यांचा प्रतिसाद चांगला आहे, पण शेवटच्या परिच्छेदावर मला थांबावंसं वाटतं. "तुझ्याच तब्येतीसाठी माफ कर" हे हल्ली फार ऐकू येतं. अन्याय ज्याच्यावर झाला, त्यालाच पुन्हा कामाला लावायचं. ज्यानं केला तो निवांत.

ज्याँ अमेरी हा ऑस्ट्रियात जन्मलेला लेखक. १९४३ मध्ये नाझींनी पकडून त्याचा छळ केला, पुढे तो आउशवित्झच्या छळछावणीतून जिवंत बाहेर आला. १९६० च्या दशकात सगळं जग "आता पुढे जाऊ या" म्हणत असताना त्यानं आपला आकस सोडायला ठाम नकार दिला. त्याचं म्हणणं मला समजलं ते असं. काळ सगळं भरून काढतो हे शरीरापुरतं खरं, नीतीला ते लागू नाही. ज्यानं केलं त्यालाही आपलं कृत्य घडलंच नसतं तर बरं झालं असतं असं तळमळून वाटलं पाहिजे, तेव्हा कुठे दोघं एका बाजूला येतात. तोवर जखमी माणूस आपल्या सत्यापाशी एकटाच उभा असतो, आणि त्याचा आकस म्हणजे त्या सत्याची राखण.

आणि त्याच छावणीतली एव्हा कोर. जुळ्या मुलांवर नाझी डॉक्टर मेंगेलेनं केलेल्या प्रयोगांना दहाव्या वर्षी सामोरी गेलेली मुलगी. १९९५ मध्ये, आउशवित्झच्या मुक्ततेला ५० वर्षं झाली तेव्हा, तिथेच उभं राहून तिनं सगळ्यांना माफ केल्याचं जाहीर केलं. तिच्याबरोबर वाचलेल्या कितीतरी जणांना त्याचा भयंकर राग आला. ती म्हणायची, मी फक्त माझ्या वतीनं बोलतेय. मला दोघंही खरे वाटतात. एकाच ठिकाणाहून बाहेर पडलेली दोन माणसं, आणि कुणी कुणाला "तुझं चुकलं" म्हणण्याचा अधिकार नाही. मग घरातल्या माणसांना तो कुठून मिळतो?

अबोलीताई, तुमचं ते "शेवटचं वाक्य" मला अमेरीच्या जवळचं वाटलं. ते जपून ठेवा म्हणत नाही, पण त्याला आजार समजू नका.

काजवा

पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल सांभाळून घ्या.

माझं प्रकरण वेगळं आहे. मला दुखावणारा माणूस रोज संध्याकाळी घरी येतो. मारहाण नाही. बोलणं. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी तो छान वागतो, मी माफ करते. अठरा वर्षं. सासूबाई सगळ्यांना सांगतात, हिचं मन फार मोठं आहे.

अबोलीताई विचारतायत की माफी देता कशी येते. मला ती न देता येत नाही, आणि त्यामुळे काहीच बदलत नाही.

मृद्गंध

काजवा, बरं झालं लिहिलंत. तुम्ही जे सांगताय त्यावर जेम्स मॅकनल्टी यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नवविवाहित जोडप्यांना चार वर्षं बघितलं. ज्यांचा जोडीदार सहज माफ करणारा होता, त्यांचं दुखावणारं वागणं तसंच चालू राहिलं. ज्यांचा जोडीदार तितका सहज माफ करत नव्हता, त्यांचं कमी होत गेलं. म्हणजे जखम चालू असताना दिलेली माफी समोरच्याला परवानगीसारखी पोचू शकते.

आधी वार थांबायला हवेत. माफीचा विचार नंतर, आणि तोही तुम्हाला करावासा वाटला तरच. मोठ्या मनाचं हे कौतुक तुमच्या गळ्यात धोंड्यासारखं बांधलं गेलंय असं मला वाटतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बोलू.

वाटसरू

काजवा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. व्यनि नक्की करा.

तुळस

आपल्याकडे क्षमा म्हटलं की एकच बाजू सांगतात, म्हणून हे लिहिते. वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा या विषयावर मोठा वाद आहे. द्रौपदी प्रल्हाद आणि बळीचा संवाद सांगते. नातू आजोबांना विचारतो, क्षमा श्रेष्ठ की तेज? प्रल्हाद म्हणतो, "न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा." नेहमीच उग्रपणाही बरा नाही आणि नेहमीच क्षमाही बरी नाही. सतत क्षमा करणाऱ्याला नोकरचाकरसुद्धा जुमानत नाहीत, असंही तो बजावतो. युधिष्ठिर नंतर क्षमेची थोरवी गातो, आणि आपण पाठ केलं ते फक्त त्याचं. भरसभेत जिचा अपमान झाला, तिनं काय म्हटलं ते मात्र मागे राहिलं.

अबोलीताई, तुमच्या भरल्या खोलीवरून मला ती सभा आठवली. तिथेही बाकीचे गप्पच होते.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काजवा, तुमच्यासाठी फार वाईट वाटलं. माझ्या दुखण्याला निदान अंतर आहे.

तुळस, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. नऊ वर्षं मी फक्त दादाकडे बघतेय. त्या खोलीत मामा होते, मावशी होती, माझ्या दोन चुलत बहिणी होत्या. आईची औषधं कोण आणतं, रात्री कोण उठतं, हे त्यातल्या निम्म्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यावर मी रागावलेच नाही. का नाही, ते मला सांगता येत नाही.

कुणीएक

मी दुसऱ्या बाजूनं लिहितोय. राग येईल कदाचित, पण कुणीतरी हे लिहायला हवं असं वाटलं.

मी दादाच्या जागचा माणूस आहे. धाकट्या बहिणीच्या घटस्फोटाच्या वेळी मी तिच्या नवऱ्याचं खरं मानलं, आणि तिला असं काही बोललो जे इथे लिहायची हिंमत नाही. नंतर सगळं बाहेर आलं. मी चूक होतो, पूर्णपणे. आणि तरी मला तिच्याकडे जायला सहा वर्षं लागली.

का लागली ते सांगतो. मी तिला विसरलो नव्हतो. प्रत्येक वेळी तिच्याशी बोलताना घशाशी तेच यायचं. पण मला वाटायचं, मी हे तोंडानं म्हटलं की मी "तसा" माणूस ठरणार, कायमचा. न बोलता चांगला वागत राहिलो तर हळूहळू ते पुसलं जाईल. फोन करायचो, भाच्याला गोष्टी घेऊन द्यायचो. मला ती परतफेड वाटत होती. तिला ते काय वाटत होतं, ते तुमचं लिहिणं वाचून आज कळलं.

पहिलं पत्र लिहिलं, त्यात "पण" होता. "मी चुकलो, पण तेव्हा परिस्थितीच तशी होती." ते पाठवलं नाही. दुसऱ्यात "तुला दुखावलं गेलं असेल तर" होतं. तेही फाडलं. तिसऱ्यात शेवटी "मला माफ कर" लिहिलं आणि वाचताना जाणवलं की अजूनही मी तिच्याकडून काहीतरी मागतोच आहे. पुढे कधीतरी वाचलं की ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीनाम्याचे सहा घटक तपासले होते. त्यात सर्वांत वजनदार निघाला तो "चूक माझी" हा कबुलीचा भाग. सर्वांत कमी मोलाची ठरली माफ करण्याची विनंती. मला ते अनुभवातून आधीच कळलं होतं.

चौथं पत्र पाच ओळींचं होतं. मी काय बोललो, ते खोटं होतं, मी पडताळून पाहिलं नाही, मी हे आई-बाबांनाही सांगितलंय. शेवटची ओळ तिला सर्वांत महत्त्वाची वाटली असं ती म्हणाली. तिनं मला माफ केलं का? मी विचारलेलं नाही. ती आता माझ्याशी भांडते, आधी भांडायची नाही.

दादांची बाजू मी घेत नाही. पण त्या "बरं झालं सापडले"मागे दगड असेलच असं नाही. तिथे एखादा भेदरलेला माणूसही असू शकतो. अर्थात त्यानं तुमचं दुखणं तसूभरही कमी होत नाही, हे मला ठाऊक आहे.

पारवा

कुणीएक, राग नाही आला. तुम्ही आई-बाबांनाही सांगितलंत, यात सगळं आलं. अपमान चारचौघांत झाला तर कबुलीही चारचौघांत हवी.

दक्षिण आफ्रिकेतलं एक उदाहरण यासाठी देतो. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिथे सत्य आणि सलोखा आयोग नेमला, डेस्मंड टुटू अध्यक्ष. १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या. त्यातली एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. कायदेशीर माफी मिळवायला "मला पश्चात्ताप झालाय" म्हणण्याची अटच नव्हती. अट होती, गुन्हा राजकीय कारणासाठी घडलेला हवा आणि त्याबद्दल सगळं खरं, पूर्ण आणि जाहीरपणे सांगायला हवं. तरीही पोलिस कोठडीतल्या मारहाणीत मेलेला वर्णभेदविरोधी नेता स्टीव्ह बिको, त्याच्या कुटुंबीयांनी आणि आणखी काही जणांनी या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिलं. आम्हाला न्याय हवा, आमच्या वतीनं सरकारनं माफी वाटू नये, असं त्यांचं म्हणणं. ते हरले. पण बिकोच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांचे माफीचे अर्जही १९९९ मध्ये फेटाळले गेले, त्यांनी पूर्ण खरं सांगितलं नाही हे त्यामागचं एक कारण.

पश्चात्ताप मनातला, तो मोजता येत नाही. खरं काय घडलं ते मात्र सर्वांसमोर मांडता येतं. अबोलीताईंना तेवढंच हवंय असं मला वाटतं.

तुळस

एक राहून गेलं. रागावलेल्या माणसाला आपण ताटीचे अभंग ऐकवतो. "विश्व रागे झाले वन्ही, संती सुखे व्हावे पाणी." मलाही लहानपणी प्रत्येक भांडणानंतर ऐकवलेत. मोठेपणी त्या कथेतली दुसरीच गोष्ट दिसली. लोकांनी दुखावलं म्हणून ज्ञानेश्वर दार लावून बसले. तेव्हा मुक्ताई काही निरोप पाठवून मोकळी झाली नाही. ती दाराशी येऊन उभी राहिली आणि एकामागून एक अभंग म्हणत विनवत राहिली. आपण ओळी उचलल्या आणि तिचं ते दाराशी उभं राहणं सोडून दिलं.

तुमच्या दाराशी नऊ वर्षांत कोण आलं?

काजवा

मृद्गंधताईंशी बोलले. काल नेहमीसारखं झालं. आज तो छान वागला. मी पहिल्यांदा म्हटलं, "कालचं अजून संपलेलं नाही." एवढंच म्हटलं. हात थरथरत होते.

मृद्गंध

काजवा, हे फार मोठं आहे. बोलत राहू.

अबोली

दहा दिवसांनी परत आले, उशिराबद्दल क्षमस्व. काजवा, तुमचं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

तुळस यांच्या प्रश्नाचं उत्तर, कुणीच नाही. म्हणून मीच एका दाराशी गेले. मावशीकडे. ती आता ऐंशीची आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सरळ विचारलं, "त्या दिवशी दादा बोलला तेव्हा तुला खरं वाटलं होतं का गं?"

तिनं हातातली वाटी खाली ठेवली. म्हणाली, "अगं, ती ठेव करायला तुझ्या आईबरोबर मीच गेले होते बँकेत."

मला क्षणभर ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "भरल्या घरात त्याला खोटं पाडायचं होतं का? वाटलं, दोघं बहीणभाऊ आहेत, होईल आपोआप नीट. आणि मग दिवस गेले, मग बोलायची लाज वाटायला लागली." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मी चुकले," ती म्हणाली. "तेव्हाच बोलायला हवं होतं मी. मी चुकले."

इथे मी विचारलं होतं ना, नेमकं काय करता म्हणून? मला अजून सांगता येणार नाही. मी काहीच केलं नाही. मी फक्त तिच्याजवळ बसले होते आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत माझ्या बाजूला कुणीतरी बसलेलं दिसलं. तिच्यावर रागवायला हवं होतं, कदाचित दादापेक्षाही जास्त. तो राग आलाच नाही. पुढे येईलही, आल्यावर बघेन. पण ती "मी चुकले" म्हणाली तेव्हा आतून काहीतरी सुटलं आणि मी ते सोडलं असं मला म्हणता येत नाही. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

दादाच्या बाबतीत तसं झालेलं नाही. कुणीएक यांनी लिहिलेलं मी त्याला डोळ्यांसमोर ठेवून वाचलं. भेदरलेला दादा मी लहानपणी पाहिलाय. बाबांची काच फोडली होती तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता आणि तरी कबूल झाला नव्हता. ते आठवून माया वाटली. माफी नाही वाटली. दोन्ही एकत्र राहतात, हेही आत्ताच कळतंय.

निघताना मावशीनं विचारलं, "मी बोलू का त्याच्याशी? माफी माग म्हणून सांगू?"

मी म्हटलं, माफीचं नको सांगूस. बँकेत तू बरोबर होतीस, तेवढं त्याला सांग. आणि त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं, ते त्याला आठवतंय का, ते विचार.